दहा सेंटच्या वहीत तो डोंगरांची उंची लिहीत गेला, आणि जगभरच्या विमानांना उतरायची वाट मिळाली

भंडारदऱ्याला मुक्कामी गेलात की रात्री एक गोष्ट हमखास होते. आर्थर लेकच्या काठावर तंबू लागलेले असतात, पिठलं-भाकरी खाऊन झालेली असते, गप्पा ओसरत आलेल्या असतात आणि तेवढ्यात कुणीतरी आभाळाकडे बोट दाखवतं. लुकलुकणारा दिवा. विमान.

इथून मुंबईचं विमानतळ हवाई अंतराने साधारण १०५ किलोमीटर. आपल्याला गाडीने घाट उतरून, ट्रॅफिकमधून जायला चार तास लागतात. विमानाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. म्हणजे मुंबईत उतरणारं विमान या भागात असतं तेव्हा पायलटची खाली यायची तयारी चालू झालेली असते. आणि त्याच्या पोटाखाली असतो सह्याद्री. शेजारीच कळसूबाई, उंची १६४६ मीटर, म्हणजे जवळपास ५४०० फूट. त्याच्या आजूबाजूला रतनगड, अलंग, मदन, कुलंग. थोडं दक्षिणेला हरिश्चंद्रगड आणि त्याच्याही पलीकडे जुन्नरचे डोंगर.

आता जुलैची रात्र डोळ्यांसमोर आणा. पाऊस, ढग, काळोख. काचेबाहेर काहीही दिसत नाही. मग पायलटला कसं कळतं की कुठपर्यंत उंचावर राहायचं, कुठून खाली यायचं आणि कुठे वळायचं?

याचं उत्तर एका पानावर असतं. त्याला म्हणतात अप्रोच चार्ट. पूर्वी तो कागदावर असायचा, आता टॅबलेटवर असतो. जगातल्या बहुतेक पायलटांना या चार्टबरोबर एक नाव पाठ असतं, ते म्हणजे जेपसन. बऱ्याच जणांना ते कंपनीचं नाव वाटतं. कंपनीचं आहेच, पण त्याआधी ते एका माणसाचं नाव होतं. एल्रे जेपसन.

ही त्याचीच गोष्ट. आणि या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची शिकवण कळायला आपल्याला परत सह्याद्रीतच यावं लागणार आहे, १९६२ सालच्या जुलैमध्ये.

दोन तास पंधरा मिनिटांत पायलट

एल्रे जेपसनचा जन्म २८ जानेवारी १९०७ चा, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला. आईवडील डेन्मार्कहून आलेले. तो लहान असतानाच कुटुंब ओरेगॉनला गेलं आणि डोंगराळ, फळबागांच्या मुलखात तो वाढला.

तो जन्मला तेव्हा राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. म्हणजे विमान आणि हा पोरगा जवळपास एकाच वयाचे. पहिलं महायुद्ध संपलं आणि सैन्यातली जुनी विमानं स्वस्तात विकायला निघाली. ती घेऊन पायलट गावोगाव फिरायचे, आकाशात कसरती दाखवायचे, लोकांना पैसे घेऊन चक्कर मारून आणायचे. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआं असतो ना, तसाच प्रकार, फक्त आभाळात.

टेक्स रँकिन नावाच्या पायलटची अशीच एक फ्लाइंग सर्कस होती. विशीतला जेपसन तिच्यात शिरला. तिकिटं विकणं, पंखा फिरवून इंजिन चालू करून देणं, पडेल ते काम त्याने केलं. त्यातूनच तो उडायला शिकला. शिकवणी किती? सव्वादोन तास. तेवढ्यावर त्याने एकट्याने विमान उडवलं. मग ५०० डॉलरला एक जुनं जेनी जातीचं विमान विकत घेतलं. त्याच्या पायलट लायसन्सवर सही होती ऑरविल राइटची, म्हणजे ज्याने जगातलं पहिलं विमान उडवलं त्याचीच.

पुढे त्याने काही काळ हवाई छायाचित्रणाचं काम केलं. वरून जमिनीचे फोटो काढायचे आणि त्यावरून नकाशे तयार व्हायचे. वरून दिसणारी जमीन कागदावर कशी आणतात हे त्याने इथे जवळून पाहिलं. पुढे हेच कामी आलं.

पायलटच्या हातात मोटारीचा नकाशा

१९३० साली जेपसनला बोईंग एअर ट्रान्सपोर्टमध्ये नोकरी लागली. ही कंपनी पुढे युनायटेड एअरलाइन्सचा भाग झाली. काम होतं टपाल वाहून नेण्याचं. सॉल्ट लेक सिटी ते शायेन हा त्याचा एक मार्ग. मध्ये रॉकी पर्वतरांगा, हिवाळ्यात बर्फाची वादळं, कॉकपिट उघडं.

आणि नकाशा? विमानाचा नकाशा नावाची गोष्टच धड नव्हती. पायलट मोटारवाल्यांसाठी छापलेले रस्त्यांचे नकाशे मांडीवर ठेवून उडायचे. त्या नकाशांत गावं आणि रस्ते होते, पण डोंगर किती उंच आहे हे नव्हतं. मोटारवाल्याला त्याची गरजही नव्हती. बाकी भरवसा रेल्वेच्या रुळांवर. रूळ दिसले की त्यांच्यामागे जायचं. रात्री टपालमार्गावर लावलेले फिरते दिवे शोधत जायचं. ढग खाली आले की पायलटही त्यांच्या खाली खाली येत राहायचा, रूळ दिसावेत म्हणून. आणि एखाद्या वळणावर समोर डोंगर उभा असायचा.

त्या हिवाळ्यात जेपसनचे कितीतरी सहकारी गेले. सकाळी बरोबर चहा-कॉफी घेतलेला माणूस संध्याकाळी पोचायचाच नाही.

जेपसनने काय केलं, तर दहा सेंटला एक छोटी काळी वही विकत घेतली.

त्या वहीत तो लिहू लागला. कुठलं मैदान किती लांब, कुठल्या बाजूला उतार, पाणी कुठे साचतं. कडेला तारा आहेत का, चिमणी आहे का, पाण्याची टाकी आहे का. दिवे कुठे आहेत. वाटेतल्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही त्याने टिपून ठेवले. निघण्याआधी फोन करायचा आणि तुमच्याकडे आभाळ कसं आहे हे विचारायचं. हवामान खात्याचं ॲप नव्हतं, तेव्हाचं हे ॲप.

सुट्टीच्या दिवशी हा गडी गाडी काढून निघायचा. सोबत अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र. डोंगरावर चढायचं, काटा बघायचा, आकडा वहीत. चिमणीवर चढायचं, आकडा वहीत. आपल्याकडे लोक कळसूबाईच्या शिड्या चढून माथ्यावर मोबाइलमध्ये उंची बघतात आणि स्टोरी टाकतात. जेपसनच्या आकड्यावर पुढच्या पायलटचा जीव अवलंबून होता, एवढाच फरक.

वहीची बातमी सहकाऱ्यांत पसरली. प्रत्येकाला तिची नक्कल हवी झाली. आधी त्याने फुकट दिली, मग मागणी एवढी वाढली की १९३४ साली सॉल्ट लेक सिटीतल्या आपल्या घराच्या तळघरात त्याने छपाईचं काम सुरू केलं. किंमत दहा डॉलर. नोकरी पायलटची, जोडधंदा नकाशांचा.

१९३६ साली त्याने नडीन लिस्कॉम्बशी लग्न केलं. ती युनायटेडमध्ये हवाई सुंदरी होती. नवरा आकाशात असताना धंद्याचा बराचसा भार तिने उचलला.

आवाजावर चालणारा रस्ता

आतापर्यंतचं सगळं ठीक, पण हे जमीन दिसत असेल तेव्हाचं. जमीन दिसतच नसेल तर?

२४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल या पायलटने कॉकपिट पूर्ण झाकून, बाहेर अजिबात न बघता, केवळ यंत्रांवर विमान उडवून आणि उतरवून दाखवलं होतं. म्हणजे हे शक्य आहे हे सिद्ध झालं. पण रोजच्या रोज, प्रत्येक विमानतळावर, कुठल्याही पायलटला ते जमायचं तर ठरलेली वाट हवी होती.

तेव्हा अमेरिकेत रेडिओचे मनोरे उभे राहत होते. एका मनोऱ्यातून चार दिशांना चार वाटा निघायच्या. पायलटच्या कानाला हेडफोन. वाटेच्या एका बाजूला गेलात की मोर्समधलं एक अक्षर ऐकू यायचं, दुसऱ्या बाजूला गेलात की दुसरं. बरोबर वाटेवर असलात की दोन्ही अक्षरं मिसळून एकसलग गुणगुण ऐकू यायची. आणि बरोबर मनोऱ्याच्या डोक्यावर आलात की आवाज क्षणभर गायब व्हायचा.

ती क्षणभराची शांतता फार मोलाची होती. कारण संपूर्ण प्रवासात पायलटला खात्रीने माहीत असलेली जागा तेवढी एकच. आपण आत्ता इथे, या मनोऱ्याच्या वर आहोत. बाकी सगळा हिशेब, अंदाज.

मग उतरण्याची पद्धत याच जागेवरून सुरू व्हायला लागली. मनोऱ्यावर सुरक्षित उंचीने यायचं. तिथून ठरलेल्या दिशेने बाहेर जायचं. ठरलेली मिनिटं झाली की ठरलेल्या बाजूला वळायचं, उलटं फिरायचं आणि त्याच वाटेवर परत येत धावपट्टीकडे उतरायचं. जेपसनने विमानतळांसाठी अशा उतरायच्या वाटा आखून त्यांचे चार्ट काढायला सुरुवात केली. एका पानावर सगळं. वरून दिसणारी वाट, बाजूने दिसणारा उतार, कुठे किती उंची, आणि धावपट्टी दिसलीच नाही तर परत वर कुठे जायचं तेही.

या उलट्या फिरण्याला आज कोर्स रिव्हर्सल म्हणतात.

कोर्स रिव्हर्सल म्हणजे नेमकं काय?

शेतात औत धरलेला माणूस आठवा. बांधापर्यंत गेला की तो औत वळवतो आणि परत अगदी नेमक्या तासात आणतो. फार लवकर वळला तर तास चुकतो, उशीर केला तर बांधावर चढतो. विमानाचंही तेच, फक्त इथे बांध दिसत नाही.

समजा धावपट्टीवर पूर्वेकडून उतरायचं आहे आणि विमान येतंय पश्चिमेकडून, समुद्रावरून. तर आधी ते विमानतळाजवळच्या रेडिओ बीकनवर येतं. तिथून पूर्वेला बाहेर पडतं. एक-दोन मिनिटं जातं. मग वाट सोडून ४५ अंशात एका बाजूला वळतं, मोठी विमानं तिथे सव्वा मिनिट सरळ जातात. मग १८० अंशांचं वळण घेऊन परत मूळ वाट पकडतात, आता तोंड पश्चिमेला, धावपट्टीकडे. याचे आणखी प्रकार आहेत. कधी ८० अंश एका बाजूला आणि लगेच २६० अंश दुसऱ्या बाजूला वळायचं. कधी पाण्याच्या थेंबासारखा आकार करायचा. कधी रेसकोर्ससारखा लांबट गोल. चार्टवर जो छापलाय तोच करायचा.

ऐकायला सोपं आहे. पण घोळ होतो तो वाऱ्यामुळे.

हिशेब करून बघू. विमानाचा वेग १८० नॉट, म्हणजे मिनिटाला साधारण साडेपाच किलोमीटर. दोन मिनिटं बाहेर गेलं की ११ किलोमीटर. आता पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा पाठीमागून ३० नॉटने ढकलतोय असं धरा. तेवढ्याच दोन मिनिटांत विमान १३ किलोमीटर जातं. वर वळायला एक मिनिट लागतं, त्यात वारा आणखी जवळपास एक किलोमीटर पुढे नेतो. पायलटच्या घड्याळात सगळं बरोबर, आणि विमान मात्र तीन किलोमीटर पुढे. आणि आपल्या उदाहरणात पुढे म्हणजे कुठे? पूर्वेला. डोंगरांच्या दिशेला.

वारा बाजूने असेल तर विमान वाटेवरून सरकतं. म्हणून नाक थोडं वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं, आणि मागून वारा असेल तर बाहेर जायची वेळ काही सेकंदांनी कमी करावी लागते. हे सगळं पायलटने डोक्यात करायचं, एकीकडे वेग कमी करत, कंट्रोल टॉवरशी बोलत, ढगांचे धक्के खात.

चार्ट काढणाऱ्यांनी या चुका धरलेल्या असतात. वळणाभोवती एक संरक्षित जागा आखलेली असते. त्या जागेत सांगितलेल्या उंचीवर राहिलात तर खालच्या सगळ्यात उंच गोष्टीपासून तुम्ही किमान ३०० मीटर वर राहाल, याची काळजी घेतलेली असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे वळण बीकनपासून दहा सागरी मैलांच्या आत संपवावं लागतं. वेगाची मर्यादा असते, कारण वेग वाढला की वळणाचा घेर वाढतो. पण विमान त्या जागेच्या बाहेर गेलं की ही हमी संपली. चार्ट तेव्हा निव्वळ कागद.

म्हणूनच यातला सगळ्यात कडक नियम उंचीचा. परतीच्या वाटेवर विमान नीट स्थिर झालंय हे यंत्रावर दिसल्याशिवाय पुढचा टप्पा खाली उतरायचं नाही. वाट आधी, उतार नंतर.

धंदा मोठा झाला

जेपसनचा धंदा वाढत गेला. १९४१ साली कंपनी डेन्व्हरला हलली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने त्याचे चार्ट वापरले. युद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, अमेरिकी सरकारच्या विमान खात्याबरोबर काम करून उतरण्याच्या पद्धती देशभर एकसारख्या करण्यात त्याने हात लावला. एका शहरात एक पद्धत, दुसऱ्यात दुसरी, असं राहिलं नाही.

बायंडरमधली सुटी पानं ही त्याच्या चार्टची ओळख. कुठे नवी चिमणी उभी राहिली, बीकन बदलला, की त्या विमानतळाचं फक्त तेवढं पान बदलायचं. जगभरचे पायलट ठरावीक दिवसांनी बसून जुनी पानं काढून नवी लावायचे. कंटाळवाणं काम. पण जुन्या पानावर उडणं म्हणजे काल बांधलेला मनोरा आज नाही असं समजण्यासारखं.

एवढं होऊनही जेपसन बरीच वर्षं युनायटेडमध्ये पायलट होता. १९५४ साली त्याने ती नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ चार्टला दिला. १९६१ साली त्याने कंपनी टाइम्स मिरर या कंपनीला विकली. काळ्या वहीचा प्रवास इथपर्यंत आला. आता चार्ट होते, बीकन होते, नियम होते, जेट विमानं आली होती. विमानाने डोंगरावर आदळायचे दिवस संपले असं कुणालाही वाटावं.

आणि पुढच्याच वर्षी सह्याद्रीत ते घडलं.

जुलै १९६२, जुन्नरचा डोंगर

मुंबईला अशा अपघाताची आठवण आधीपासून होती. १२ जुलै १९४९ रोजी, भर पावसाळ्यात, केएलएम कंपनीचं एक विमान मुंबईत उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं होतं. विमानातले सगळे ४५ जण गेले. त्यांत अमेरिकेतले १३ पत्रकार होते.

१३ वर्षांनी, ६ आणि ७ जुलै १९६२ च्या मधली रात्र. अलिटालिया या इटलीच्या कंपनीचं डीसी-८ जातीचं जेट विमान सिडनीहून रोमला निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत ते मुंबईकडे येत होतं. विमानात ९४ माणसं. मध्यरात्र उलटून गेलेली, पावसाळी हवा. मुंबई जवळ आली असं समजून विमान खाली येत गेलं.

मुंबई जवळ आलेली नव्हती. अजून सुमारे ८४ किलोमीटर बाकी होते. भंडारदऱ्याच्या दक्षिणेला, हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, जुन्नरच्या बाजूला दावंड्याचा डोंगर आहे. विमान सुमारे ३६०० फूट उंचीवर त्या डोंगरावर आदळलं. ९४ पैकी एकही वाचला नाही.

चौकशी झाली. तिने काढलेलं कारण असं होतं की दिशा आणि अंतराच्या हिशेबात चूक झाली. पायलटला आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा जास्त जवळ आहोत असं वाटलं. त्यामुळे रात्री, काही दिसत नसताना, सरळ धावपट्टीवर उतरण्यासाठी त्याने वेळेआधीच खाली यायला सुरुवात केली. आपण कुठे आहोत हे तपासायला जी रेडिओ साधनं होती ती वापरली गेली नाहीत. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आलं. आणि या मार्गावरच्या डोंगरांची पायलटला पुरेशी ओळख नव्हती.

आता हे कोर्स रिव्हर्सलच्या शेजारी ठेवून बघा.

सरळ उतरणं म्हणजे लांबून थेट धावपट्टीच्या रेषेत येत, येता येता उंची कमी करणं. वेळ वाचतो, इंधन वाचतं, प्रवासी खूश. हल्ली रडार आणि उपग्रह पायलटला क्षणाक्षणाला जागा सांगत असतात, त्यामुळे आज बहुतेक विमानं सरळच उतरतात आणि सुरक्षित उतरतात. पण जागेची खात्री नसेल तर हाच प्रकार घातक ठरतो. कारण उतार सुरू कुठून करायचा हे अंतरावर ठरतं, आणि अंतरच चुकलेलं असतं.

बीकनवर जाऊन वळसा घेणाऱ्या पायलटला आधी उंचीवर राहून त्या बीकनपर्यंत यावंच लागतं. बीकन पार झाल्याचं यंत्र दाखवतं, तेव्हाच त्याची जागा पक्की होते. उतरणं त्यानंतर. मुंबईसाठी याचा अर्थ काय? पूर्वेकडून येणारं विमान आधी अख्खा सह्याद्री उंचावरून पार करणार आणि मगच खाली येणार. पाच-सात मिनिटं जास्त लागणार, पण अंदाजाच्या जागी खात्री येणार.

जेपसन सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून जे शोधत होता ते हेच. डोंगर कुठे आहे, आणि मी कुठे आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार्टवर छापता येतं. दुसऱ्याचं उत्तर छापता येत नाही. ते प्रत्येक रात्री, प्रत्येक विमानात, पायलटला स्वतःलाच शोधावं लागतं. चार्ट फक्त ते कुठे शोधायचं हे सांगतो.

विमानतळाला नाव, आणि शेवट

जेपसनला हयातीतच मोठा मान मिळाला. १९९० साली अमेरिकेच्या नॅशनल एव्हिएशन हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. १९९५ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरचं नवं विमानतळ सुरू झालं. त्याच्या मुख्य टर्मिनलला जेपसनचं नाव आहे, आत त्याचा पुतळाही आहे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, ज्या डोंगरांनी त्याचे मित्र नेले, त्यांच्याच समोर.

१९९६ साली नडीन गेली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला एल्रे जेपसनही गेला. वय ८९. आकाशातल्या ज्या पिढीत म्हातारं होणं ही चैन होती, त्या पिढीतला हा माणूस नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगला. त्यानंतर चार वर्षांनी, २००० साली, त्याची कंपनी बोईंगने विकत घेतली. ज्या बोईंगच्या टपाल विमानांत वही सुरू झाली होती, तिच्याच नावाखाली ती परत आली.

आज कागदी पानं जवळपास गेली. चार्ट टॅबलेटवर आले, विमानाचं छोटं चिन्ह चार्टवरच पुढे सरकताना दिसतं. आपण चुकून डोंगराकडे निघालो तर विमानच ओरडून सांगतं. मोठ्या विमानतळांवर कोर्स रिव्हर्सल करायची वेळ क्वचित येते. तरीही गोंदिया असो की बारामती, यंत्रांवर उडायला शिकणाऱ्याला हा वळसा शिकावाच लागतो. बीकन पार झाला, घड्याळ चालू, वारा कुठून, वळण कुठल्या बाजूला, वाट सापडली का, आणि मगच उंची सोडायची. जीपीएस बंद पडलं, रडार बंद पडलं, तरी एवढं करता यायला हवं.

पुढच्या वेळी भंडारदऱ्याला गेलात, काजवे बघून झाले आणि डोक्यावरून एखादं विमान मुंबईकडे निघालेलं दिसलं, तर एक गोष्ट लक्षात घ्या. ते तुम्हाला खूप उंच दिसतंय, आणि ते तसंच दिसायला हवं. आत बसलेल्या पायलटला कळसूबाई दिसत नाही, रतनगड दिसत नाही, तुमची शेकोटीही दिसत नाही. तरी त्याला माहीत असतं की इथे डोंगर आहेत आणि अजून खाली यायचं नाही. कारण एकेकाळी कुणीतरी दहा सेंटची वही घेऊन डोंगर चढला होता.